दाराशी पानओवा असावा, पण…

मैत्रिणींनो, संध्याकाळी अचानक पाहुणे यावेत, घरात कांदा नसावा, बटाटाही संपलेला असावा, अशी वेळ तुमच्यावर कधी आली आहे का? माझ्यावर बऱ्याचदा येते. अशा वेळी मी निमूटपणे गॅलरीत जाते आणि कुंडीतली दहा-बारा पाने खुडून आणते. पाने धुऊन, पुसून डाळीच्या पिठात बुडवून तेलात सोडली की दहा मिनिटांत गरमागरम भजी तयार! पाहुणे विचारतात, "कशाची हो ही? ओव्याचा वास येतोय." मग मी मोठ्या ऐटीत त्यांना कुंडी दाखवायला नेते.

ही कुंडी पानओव्याची. कुणी त्याला ओव्याचे पान म्हणतात, कुणी ओव्याचे झाड. आज या झाडाविषयीच तुमच्याशी बोलायचे आहे. लावायचे कसे, जोपासायचे कसे आणि स्वयंपाकात वापरायचे कसे, हे तर सांगणारच आहे. पण त्याबरोबर माझ्या हातून झालेली एक चूकही सांगणार आहे. ती सांगताना अजूनही थोडी लाज वाटते. पण तुमच्यापैकी एकीने जरी ती टाळली तरी माझे लिहिणे सार्थकी लागले असे मी समजेन.

आधी झाडाची नीट ओळख करून घेऊ. पाने जाडसर, मांसल, अंगावर बारीक मऊ लव असलेली आणि कडेला कातरल्यासारखी. फांदीवर समोरासमोर जोडीने येतात. पान नुसते चुरगळले तरी हाताला ओव्याचा घमघमाट सुटतो. आणि हीच त्याची खरी खूण. कारण पानफुटी, शोभेचे कोलियस अशी दिसायला थोडीफार जवळची वाटणारी झाडे अनेकींच्या घरी असतात. नर्सरीवाला काहीही सांगो, पान चोळून ओव्याचा वास आला नाही तर ते झाड पानओवा नव्हे आणि त्याचे पान पोटात जाता कामा नये.

आणखी एक गैरसमज दूर करते. "या झाडाला ओवा कधी लागतो हो?" असे मला पुष्कळजणी विचारतात. कधीच लागत नाही! आपल्या फोडणीतला ओवा हे कोथिंबिरीच्या कुळातल्या एका रोपाचे बी. पानओवा आहे तुळशीच्या कुळातला, म्हणजे पुदिना, सब्जा, मरवा यांचा भाऊबंद. युनानी औषधांत खोकल्यासाठी जूफा नावाची जी वनस्पती वापरतात, तीही याच कुळातली. पण ती थंड हवेत, काश्मीरकडे वाढणारी. आपल्या गॅलरीत तिचे लाड पुरवत बसण्यापेक्षा पानओवा परवडला. दोन्ही ओव्यांचा वास सारखा का, तर थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल अशी जी सुगंधी द्रव्ये या मंडळींत असतात, ती थोड्याफार फरकाने एकाच घरातली. पिझ्झावर भुरभुरतात त्या ओरेगानोतही कार्व्हाक्रॉलच असते. म्हणून तर क्यूबाकडे याच झाडाला ओरेगानो म्हणून वापरतात. त्याच्या शास्त्रीय नावात मात्र इंडोनेशियातल्या अम्बोन बेटाचे नाव आहे. एवढ्या जगभर फिरलेले झाड आपल्या दाराशी मुकाट्याने राहते, याचे मला फार कौतुक वाटते.

आता लागवड. याला बी शोधत बसायचे नाही. शेजारणीकडून फांदी मागून आणायची, बस्स. चार-पाच बोटे लांबीची, तीन-चार पेरांची कोवळी पण धट्टीकट्टी फांदी पेराच्या जरा खाली कापावी. खालच्या दोन पेरांवरची पाने काढून टाकावीत. फांदी लगेच मातीत न खोचता तीन-चार तास सावलीत ठेवावी, म्हणजे कापलेली जागा सुकते आणि कुजण्याचे भय राहत नाही.

कुंडी आठ इंची पुरे. जुनी प्लॅस्टिकची बादली किंवा तेलाचा डबाही चालतो, मात्र तळाला भोके हवीतच. भोकांवर खापरीचा तुकडा ठेवून वर दोन भाग माती, एक भाग वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत असे मिश्रण भरावे. बोटाने भोक पाडून त्यात फांदी खोचावी, माती दाबावी, थोडे पाणी घालावे आणि आठवडाभर कुंडी सावलीत ठेवावी. दोन-तीन आठवड्यांत मुळे धरतात. शेंड्याला नवी पानांची जोडी दिसू लागली की समजावे, बाईसाहेब रुळल्या!

त्यानंतर जागा अशी निवडावी की सकाळचे तीन-चार तास ऊन मिळेल आणि दुपारचे कडक ऊन लागणार नाही. अगदी अंधाऱ्या जागी ठेवलात तर फांद्या लांबच लांब होतात आणि पाने विरळ येतात. रणरणत्या उन्हात पाने पिवळी पडून आक्रसतात.

पाण्याच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. हे झाड पाण्यावाचून फारसे मरत नाही, पाण्याने मरते! त्याच्या जाड पानांत पाण्याचा साठा असतो. रोज तुळशीला पाणी घालताना तांब्यातले उरलेले इथे ओतायचे, ही आपली सवय त्याला मानवत नाही. बोटाचे एक पेर मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. पावसाळ्यात कुंडी वळचणीला, छपराखाली सरकवावी. खोड तळाशी काळे, लिबलिबीत झाले तर मुळे कुजली असे समजावे आणि वरची निरोगी फांदी कापून नव्या मातीत लावावी.

शेंडे वरचेवर खुडावेत, म्हणजे बाजूने फांद्या फुटून झाड डेरेदार होते. वर्ष-दीड वर्षात खालचे खोड लाकडासारखे होऊन पाने लहान येऊ लागतात, तेव्हा नवी फांदी लावून जुन्याला निरोप द्यावा. पानांच्या बगलेत कापसासारखी पांढरी कीड दिसली तर ओल्या फडक्याने पुसून काढावी, किंवा साबणाच्या अगदी सौम्य पाण्याचा फवारा मारून नंतर झाड स्वच्छ पाण्याने धुवावे. खायचे पान आहे, तेव्हा त्यावर विषारी औषधे नकोत.

आता स्वयंपाकघरात येऊ.

भजी : एक वाटी डाळीचे पीठ, दोन चमचे तांदळाचे पीठ, चवीपुरते तिखट-मीठ, हळद, हिंग आणि दोन चमचे कडकडीत तेलाचे मोहन. पीठ पानाला चिकटून राहील इतपत घट्ट भिजवावे. यात ओवा घालू नये, पान ते काम करते. पाने धुतल्यावर फडक्यावर पसरून अगदी कोरडी करावीत, नाहीतर पीठ घसरते आणि तेल उडते. पान जाड असल्यामुळे आच मध्यम ठेवावी. मोठ्या आचेवर पीठ लाल होते आणि आतले पान कच्चट राहते.

तंबुळी : हा कारवार-उडुपीकडचा प्रकार. दहा-बारा पाने चमचाभर तुपात अर्धा चमचा जिरे आणि तीन-चार मिऱ्यांबरोबर मऊ होईपर्यंत परतावीत. गार झाल्यावर तीन चमचे ओल्या खोबऱ्याबरोबर बारीक वाटून वाटीभर ताजे, आंबट नसलेले ताक घालावे. मीठ घालून वरून मोहरी आणि सुक्या मिरचीची फोडणी द्यावी. गरम भाताबरोबर उन्हाळ्यात फार छान लागते. ताक घातल्यावर मात्र उकळू नये, फुटते.

चटणी : खोबरे, हिरवी मिरची, लसूण, चिंचेचे बोटूक आणि सात-आठ पाने. पाने कच्ची घातली तर चव उग्र होते, म्हणून तव्यावर जरा परतून घ्यावीत. हा वास दांडगा आहे. पहिल्या वेळी पाने कमीच घ्या.

इथपर्यंत सगळे गोड झाले. आता ती चूक.

माझ्याकडची पहिली फांदी माहेरची. आईने ओल्या फडक्यात गुंडाळून दिली होती. "पोरांच्या सर्दीपडशाला दुसरं काही लागत नाही बघ," असेही सांगितले होते. आणि खरेच, साध्या सर्दीत पानाचा रस थोड्या मधातून दिला की मुलाचा घसा जरा मोकळा व्हायचा. मला त्याचा भारी अभिमान. गल्लीतल्या सात-आठ घरी माझ्याच हातच्या फांद्या गेल्या आणि प्रत्येकीला मी आईचे वाक्य माझे म्हणून ऐकवले.

मुलगा चार वर्षांचा असतानाची गोष्ट. श्रावणातली झड लागली होती. त्याला सर्दी झाली, खोकला सुरू झाला. नेहमीप्रमाणे मी रस दिला. दुसऱ्या दिवशी ताप आला. "पावसाळी ताप आहे, उतरेल," म्हणून पुन्हा रस दिला. यजमान म्हणाले, "डॉक्टरांना दाखवूया का?" तर मीच म्हटले, "लगेच काय डॉक्टर? दोन दिवस पाहू." तिसऱ्या दिवशी माझी सकाळची शाळा होती. तो मलूल पडून होता, दूधही नको म्हणाला. खोकला मात्र कमी वाटत होता. मला वाटले, पान लागू पडले. त्याला सासूबाईंच्या हवाली करून मी शाळेत गेले.

दुपारी परत आले तर वरच्या मजल्यावरच्या काकू येऊन बसलेल्या. या काकू सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त आहेत. त्यांनी मुलाचा सदरा वर केला होता आणि हातातल्या घड्याळाकडे पाहत होत्या. मी बोलायला लागले तर त्यांनी हातानेच गप्प केले. मिनिट झाले तशा म्हणाल्या, "बावन्न. अगं, त्याचा श्वास बघ. बरगडीखाली खड्डा पडतोय. चल, रिक्षा बोलाव."

न्यूमोनिया झाला होता. पाच दिवस दवाखान्यात काढावे लागले. त्या पाच रात्री मी कशा काढल्या ते तुम्हा आयांना वेगळे सांगायला नको. मुलगा सुखरूप घरी आला, ही देवाची कृपा आणि काकूंच्या घड्याळाची. डॉक्टर मला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "पानाने काही नुकसान केलं नाही. पण पानावर भरवसा ठेवून तुम्ही दोन दिवस थांबलात, ते महागात पडलं असतं."

मैत्रिणींनो, ते वाक्य मला आजही टोचते. मी खोकला ऐकत होते, पण श्वास पाहिला नव्हता. म्हणून काकूंनी मला जे शिकवले ते जसेच्या तसे तुम्हाला देते. हे कापून औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.

मूल शांत असताना किंवा झोपलेले असताना, रडत असताना नव्हे, त्याचा सदरा वर करून पोटाची हालचाल पाहावी आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, मूल दूध-पाणी घेत नसेल, घेतलेले सगळे उलटून टाकत असेल, गुंगीत असेल, आचके येत असतील, तर मोजण्यातही वेळ घालवू नये. रात्र असो की सणाचा दिवस असो, तडक दवाखाना.

आणखी तीन गोष्टी.

पहिली, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, बोटावर चाटवायलासुद्धा नाही. मधातल्या काही जंतूंचे विष बाळाच्या कोवळ्या आतड्यात तयार होऊन गंभीर आजार होऊ शकतो. आणि सहा महिन्यांपर्यंत तर आईच्या दुधाशिवाय काहीच नको. पानाचा रस नको, काढा नको, घुटीही नको.

दुसरी, लहान मुलाला उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफ द्यायला बसवू नये. मूल दचकते, पातेले कलंडते आणि सर्दी राहते बाजूला, भाजलेल्या पायांचे दुखणे गळ्यात पडते.

तिसरी मोठ्या माणसांसाठी. कुणाचाही खोकला दोन आठवड्यांवर गेला तर काढे बदलत बसू नये, थुंकी तपासून घ्यावी. क्षयाची ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. आपण बायका घरातल्या सगळ्यांचे खोकले मोजतो, फक्त स्वतःचा खोकला मोजत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

दवाखान्यातून घरी आल्यावर मी आणखी एक काम केले. ज्या ज्या घरी माझ्या हातची फांदी गेली होती, त्या प्रत्येक घरी जाऊन आले. सर्वांत अवघड होते ते कोपऱ्यावरचे घर. तिथल्या सुनेचे बाळ तीन महिन्यांचे. आणि तिच्या सासूबाई रोज आंघोळीनंतर त्याला मधातून पानाचा रस चाटवत होत्या, माझ्याच कुंडीच्या पोटच्या झाडाचा! सून मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "ताई, मला पटत नाही, पण बोलू कशी?"

मलाही प्रश्न पडला. त्यांनी चार मुले वाढवलेली. त्यांना "तुमचं चुकतंय" म्हणणे शोभतही नाही आणि त्याचा उपयोगही होत नाही. मी त्यांच्याजवळ बसले आणि माझीच गोष्ट सांगितली. अगदी "दोन दिवस पाहू" या वाक्यासकट. शेवटी म्हटले, "काकू, तुम्हाला बाळाच्या श्वासाचं जेवढं कळतं तेवढं आम्हा पोरींना कुठं कळतं? ते मोजायचं तेवढं तुमच्याकडे घ्या. आणि मध नको म्हणतात हो आता, वर्षाचा होईपर्यंत."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मधाची बाटली उचलून त्यांनी फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवली आणि सुनेला म्हणाल्या, "ते घड्याळ दे गं इकडं. शिकव म्हणावं मला." सून दाराआड उभी राहून डोळे पुसत होती.

हे वाचून कुंडी काढून टाकू नका हं! माझी आजही तिथेच आहे. घरात कुणाला साधी सर्दी झाली, ताप नाही, खाणेपिणे आणि खेळणे ठीक आहे, श्वास ठीक आहे, तर मोठ्यांसाठी मी अजूनही चार पाने आणि आल्याचा तुकडा कपभर पाण्यात उकळून, गाळून देते. घशाला बरे वाटते. मुलगा आता मोठा झाला आहे. त्याला मधाचा चमचा आणि कोमट पाणी मिळते, नि पानाची भजी मिळतात. मात्र बरे वाटणे वेगळे आणि आजार बरा होणे वेगळे, हे आता मला कळते. ज्यांना रोजची औषधे चालू आहेत, ज्या गरोदर आहेत किंवा बाळाला पाजत आहेत, त्यांनी रस किंवा काढा औषध म्हणून नियमाने घ्यायचा झाल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

तेव्हा या आठवड्यात शेजारणीकडून एक फांदी मागून आणा. झाड वाढेल, फांद्या फुटतील, मग तुमच्याकडेही कुणी मागायला येईल. तेव्हा फांदी जरूर द्या, तिला "पाणी कमी घाल" म्हणून सांगा, भज्यांची कृती सांगा आणि मिनिटाला श्वास कसे मोजायचे तेही तिथल्या तिथे शिकवून पाठवा.

पुढच्या वेळी गवती चहाविषयी बोलू. तोपर्यंत तुमच्या पानओव्याला पालवी फुटली का, ते कळवायला विसरू नका.